मोती, मोहरा आणि खुर्दा : मृतांच्या आकड्यांची तुलना करताना

नोव्हेंबर महिन्याचा अखेरचा आठवडा नागपूरकरांसाठी अनेक मृत्यूंच्या स्मरणाचा आठवडा आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असताना, या शहरात गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी उडाली आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांच्यात लढाई झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला सुरू झाला व त्यात १६६ जणांचा बळी गेला. यांपैकी पहिल्या दोन घटनांच्या खुणा तर एकमेकींच्या अगदी जवळ आहेत. सीताबर्डीचा किल्ला आणि झिरो माइलजवळचे गोवारी शहीद स्मारक यांमध्ये काही मिनिटांचीच वाट आहे.

अशा तारखा जवळ आल्या की वृत्तपत्रांतून तुलना सुरू होते. 'अमुक सालानंतरचा सर्वांत भीषण हल्ला', 'तमुक लढाईपेक्षा अधिक जीवितहानी' असे मथळे येतात. वाचकही नकळत मृतांची क्रमवारी लावू लागतो. ११४ मोठे की १६६? लढाईतील मृत्यू मोठे की मोर्चातील? वाचकहो, ही क्रमवारी लावण्यापूर्वी आकडा कसा तयार होतो, त्यात कोण धरले जाते आणि कोण वगळले जाते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अमेरिकेचे उदाहरण

मृतांच्या तुलनेची ही सवय जगाला ठळकपणे दिसली ती ११ सप्टेंबर २००१ नंतर. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि पेनसिल्व्हेनिया येथील त्या दिवशीच्या हल्ल्यांत, १९ हल्लेखोर वगळून, २,९७७ माणसे मारली गेली. लगेचच ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरचे स्मरण झाले. तेथे २,४०३ अमेरिकी मृत्यू झाले होते. मग इतिहासाचे अभ्यासक आणखी मागे गेले आणि १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईपाशी थांबले. अमेरिकी यादवी युद्धातील त्या एका दिवशी सुमारे ३,६०० सैनिक ठार झाले. अशा रीतीने तीन आकड्यांची एक उतरंड तयार झाली.

ही उतरंड दिसते तितकी सरळ नाही. अँटिएटमचा आकडा मोठा आहे, कारण तेथे लढणाऱ्या दोन्ही बाजू अमेरिकीच होत्या. त्यामुळे दोन्हीकडचे मृत एकाच बेरजेत आले. पर्ल हार्बरच्या बेरजेत फक्त एका बाजूचे मृत आहेत; जपानी वैमानिक त्यात नाहीत. २००१ चे सर्वच मृत अमेरिकी नव्हते. अनेक देशांचे नागरिक, भारतीयही, त्यांत होते. पर्ल हार्बरचे बहुतेक मृत गणवेशातील सैनिक होते, तर २००१ चे बहुतेक मृत सकाळी कामावर आलेले नागरिक. म्हणजे 'अमेरिकी जीवितहानी' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या मोजपट्ट्या वापरल्या गेल्या.

आणखी एक घोटाळा शब्दाचा आहे. अँटिएटमच्या संदर्भात २२ हजारांहून अधिक हा आकडाही पुष्कळदा वाचायला मिळतो. तो मृतांचा नव्हे, तर मृत, जखमी आणि बेपत्ता अशा सर्वांचा आहे. आपल्या मराठीत यासाठी 'हताहत' हा नेमका शब्द आहे. हत म्हणजे ठार झालेला आणि आहत म्हणजे घायाळ. शब्द फोडला की अर्थ स्पष्ट होतो. तरीही हताहतांचा आकडा मृतांचा म्हणून छापला जातो आणि एका लढाईचे मृत कागदावर सहापट होतात.

उलट, नीट मोजले तर काय घडते याचेही उदाहरण तेथेच आहे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले, त्या दिवशीचे एकूण मृत सुमारे अडीच हजार असावेत असे दीर्घकाळ मानले जात होते. पुढे अमेरिकेतील स्मारक संस्थेने नावानिशी शोध घेतला. एकेका सैनिकाची नोंद तपासून जी यादी झाली तिच्यात ४,४१४ नावे निघाली आणि त्यांतील २,५०१ अमेरिकी होती. ढोबळ अंदाजात जे जवळजवळ दोन हजार सैनिक हरवले होते, ते नावे लिहू लागताच सापडले.

पानिपतची बातमी

मराठी माणसाला हा विषय परका नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या पराभवाची वार्ता पेशव्यांना कळली ती सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दोन मोती गेले, म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा गमावल्या, म्हणजे नामांकित सरदार. त्यांची संख्या सांगितली होती. आणि चांदी-तांब्याचा खुर्दा किती गेला त्याचा हिशेबच नाही, म्हणजे उरलेले सारे सैनिक, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले.

सावकाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपल्या काळाच्या रीतीने बातमी पोचविली. पण त्या पत्रात मृतांच्या तीन पायऱ्या किती उघडपणे दिसतात! मोत्यांना ओळख आहे, मोहरांना संख्या आहे, खुर्द्याला यांपैकी काहीच नाही. पानिपतच्या मृतांच्या अंदाजांत आजही फार मोठी तफावत आहे, त्याचे मूळ येथेच आहे. मराठी बोलीने मात्र आपला वेगळा हिशेब ठेवला. सव्वा लाख बांगडी फुटली, असे लोक म्हणत आले. ती काही शिरगणती नव्हे. परंतु गेलेल्यांचा हिशेब मागे राहिलेल्यांवरून करण्याची ती जाण आहे, आणि पुष्कळ सरकारी अहवालांना ती साधलेली नाही.

सीताबर्डी, कोरेगाव आणि बसरा

सीताबर्डीच्या लढाईकडे या दृष्टीने पाहू. कंपनीच्या बाजूला सुमारे १,३०० ते १,४०० सैनिक होते. आप्पासाहेब भोसल्यांची फौज त्याच्या अनेक पट होती. २६ च्या संध्याकाळी सुरू झालेली लढाई २७ च्या दुपारपर्यंत चालली. भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी काबीज केली, पण ती त्यांच्या हाती टिकली नाही. कंपनीची हानी इतिहासात ३६७ अशी नोंदली गेली आहे. हा आकडा हताहतांचा आहे, केवळ मृतांचा नव्हे. रेसिडेंट जेंकिन्स यांचे साहाय्यक सॉथबी यांच्यासारखे युरोपीय अधिकारी नावानिशी नमूद आहेत. मद्रास पलटणींतील तेलुगू-तमिळ शिपाई संख्येत आहेत. आणि भोसल्यांच्या बाजूने जे अरब आणि मराठे पडले, त्यांची तशी नेमकी नोंद नाही. ज्या शहराच्या स्वातंत्र्याचे भवितव्य त्या लढाईने ठरविले, त्या शहराचेच मृत अगणित राहिले.

पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. कंपनीच्या सुमारे ८०० सैनिकांपैकी २७५ मृत, जखमी वा बेपत्ता झाले. आकड्यांच्या उतरंडीत ही लढाई फार खाली येईल. परंतु तेथे उभारलेल्या स्तंभावर ४९ नावे कोरली गेली आणि त्यांतील २२ नावांच्या अखेरीस 'नाक' आहे, म्हणजे ते महार सैनिक होते. स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू कंपनीचा विजय मिरविण्याचा होता यात शंका नाही, आणि पेशव्यांच्या बाजूच्या मृतांना त्यावर स्थान नाही. तरीही १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, आणि आज दर वर्षी लाखो लोक तेथे जातात. त्या लढाईच्या अर्थाविषयी मतभेद आहेत व राहतील. पण एवढे निश्चित की नुसता २७५ हा आकडा कोरला असता तर कोणत्याही घरातील मुलाला त्यात आपला पूर्वज ओळखता आला नसता.

याची दुसरी बाजू इराकमधील बसरा येथे पाहायला मिळते. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांतील पुष्कळ मेसोपोटेमियाच्या मोहिमेत गेले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे ही डिव्हिजन शरण गेली. या मोहिमेच्या मृतांसाठी बसरा येथे जे स्मारक झाले, त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली. सामान्य भारतीय शिपाई मात्र त्या त्या पलटणीखाली केवळ संख्येने दाखविले गेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला आणि क्षमा मागितली. आशिया आणि आफ्रिकेतील निदान ४५,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि आणखी १,१६,००० वा त्याहून कितीतरी अधिक मृतांची नावे कोरलीच गेली नाहीत, असे त्या अहवालाने मान्य केले. पानिपतच्या पत्रातील खुर्दा दीडशे वर्षांनंतर, छापखाने आणि नोंदवह्या असलेल्या साम्राज्यातही, खुर्दाच राहिला.

तुलना कशासाठी केली जाते

आकडा अपुरा असतो एवढ्यावर हा विषय संपत नाही. आकड्यांच्या तुलनेतून निर्णय घेतले जातात, हा खरा चिंतेचा भाग आहे. 'पर्ल हार्बरपेक्षाही मोठा आघात' हे वाक्य पुढल्या युद्धांची भूमिका तयार करण्यास उपयोगी पडले. मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले, वास्तविक २००१ च्या हल्लेखोरांत एकही इराकी नव्हता. इराकमध्ये ४,४०० हून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले आणि त्यांतील प्रत्येकाचे नाव, वय, गाव जाहीर झाले. इराकी नागरिकांचे मृत्यू मात्र वृत्तपत्रे, रुग्णालये आणि शवागारे यांच्या नोंदींवरून स्वतंत्र अभ्यासकांना जुळवावे लागले, आणि ते एक लाखाच्या पुष्कळ पुढे गेले. शत्रूच्या मृतदेहांची मोजदाद हे आपले काम नाही, अशी भूमिका त्या काळात अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी उघडपणे घेतली होती. स्वतःच्या मृतांचा काटेकोर आकडा हाती धरून दुसऱ्यांच्या न मोजलेल्या मृतांकडे जाणारी ही वाट आहे.

आपल्या राज्यातही स्मृती आकड्यांच्या क्रमाने चालत नाही. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ बळी गेले. ११ जुलै २००६ रोजी उपनगरी गाड्यांतील स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. त्याच वर्षी ८ सप्टेंबर रोजी मालेगावात तीसहून अधिक माणसे गेली. यांच्या तुलनेत २६ नोव्हेंबर २००८ चा आकडा सर्वांत मोठा नाही. पण तो हल्ला तीन दिवस दूरचित्रवाणीवर दिसत राहिला आणि जगाच्या स्मरणात तोच राहिला. त्या हल्ल्यातही ताजमहाल हॉटेलचे चित्र पुढे राहिले. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटांवर गाडीची वाट पाहत असताना पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. ती बिहारला, उत्तर प्रदेशाला, महाराष्ट्राच्या गावोगावी निघालेली साधी माणसे होती. फलाटांचे चित्र क्वचितच छापले जाते. २००६ च्या गाडीस्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या सर्व १२ जणांना २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरविले, आणि त्याविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. बळींचा आकडा ठाऊक आहे. बळी घेणारे कोण, हा प्रश्न कुटुंबांसमोर एकोणीस वर्षांनंतरही उभाच आहे.

विदर्भाच्या पूर्वेकडे, गडचिरोलीत, क्रमवारीचा आणखी एक परिणाम दिसतो. २००९ या एका वर्षात १ फेब्रुवारीला मर्केगाव, २१ मे रोजी हत्तीगोटा आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे माओवाद्यांच्या हल्ल्यांत अनुक्रमे १५, १६ आणि १७ पोलीस मारले गेले. त्यांत महिला पोलीसही होत्या. पण ६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगडमध्ये दंतेवाडा जिल्ह्यात ७६ जवान मारले गेले आणि त्या मोठ्या आकड्याने आधीच्या तिन्ही आकड्यांना झाकून टाकले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभूळखेडा येथे सुरुंगस्फोट झाला. त्या दिवशीचे मथळे आठवून पाहावेत : '१५ जवान शहीद'. मरण पावलेले सोळा होते. सोळावा, त्या खासगी वाहनाचा चालक, कधी बेरजेत आला, कधी वगळला गेला.

माओवाद्यांच्या हिंसेचे समर्थन कोणत्याही विवेकी माणसाला करता येणार नाही. तरीही एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर परिसरात जे ४० जण मारले गेले, त्यांची बातमी पुष्कळ ठिकाणी निव्वळ यशाचा आकडा म्हणून आली, हेही नोंदवावे लागते. त्यांच्याही मागे आईवडील होतेच. आणि खबऱ्या असल्याच्या संशयावरून ज्या आदिवासी ग्रामस्थांना रात्री घरातून उचलून नेऊन ठार केले जाते, ते एकेक करून मरतात. एक हा आकडा कोणत्याच यादीत वर येत नाही.

योग्य तुलना कोणती

तर मग तुलना करूच नये काय? तसे म्हणणे चूक होईल. सारखे कारण असलेल्या घटना शेजारी ठेवल्या तर त्यांतून पुढील मृत्यू टाळण्याचे ज्ञान मिळते. गोवारी मोर्चाची तुलना सीताबर्डीच्या लढाईशी किंवा मुंबईच्या हल्ल्याशी करून काही हाती लागत नाही. ती करायची तर २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यातील चेंगराचेंगरीशी, २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळील मांढरदेवी येथे गेलेल्या सुमारे ३०० भाविकांशी, किंवा २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर मरण पावलेल्या २३ प्रवाशांशी करावी.

त्या तुलनेतून काय दिसते? गर्दीत माणसे प्रामुख्याने पायदळी तुडविली जाऊन मरतात हा आपला समज अपुरा आहे. दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की गर्दी पाण्याच्या लोंढ्यासारखी हलू लागते, छातीवर चहूबाजूंनी दाब येतो आणि माणूस उभ्याउभ्याच गुदमरतो. लहान मुले आणि ठेंगण्या स्त्रिया प्रथम बळी पडतात. पुढे वाट अडलेली असते आणि मागून येणाऱ्यांना ते कळत नाही. अशा गर्दीवर लाठी चालविली तर माणसांना पळायला जागाच नसते. हे ज्ञान मोर्चाचा मार्ग ठरविणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यापाशी असायला हवे. यात्रा, उत्सव आणि मिरवणुका भरविणाऱ्या सर्व धर्मांच्या संस्थांपाशी, आपल्या चर्चच्या यात्रा-समित्यांपाशीदेखील, ते असायला हवे.

ज्या तुलनेतून एखादी वाट रुंद होते, एखादा अडथळा निघतो, ती तुलना मृतांना न्याय देते. 'तुमचे ११४ तर आमचे १६६' अशा तुलनेतून तसे काही घडत नाही.

म्हणून आकडा समोर आला की वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणी मोजला? त्यात कोण नाही? आणि तो कोणत्या मागणीसाठी पुढे केला जात आहे? पहिल्या प्रश्नाने मोजणाऱ्याची बाजू कळते, दुसऱ्याने वाहनाचा चालक आणि फलाटावरचा प्रवासी सापडतो, तिसऱ्याने सुडाची हाक आणि सुधारणेची मागणी यांतला भेद कळतो.

नोव्हेंबरमध्ये आपल्या धर्मग्रामांत मृतांसाठी प्रार्थना होते तेव्हा कुटुंबे चिठ्ठीवर नावे लिहून देतात आणि ती वाचली जातात. किती चिठ्ठ्या आल्या हे वेदीवरून कोणी जाहीर करीत नाही. ही साधी रीत सार्वजनिक जीवनातही यायला हरकत नाही. दंगल असो, हल्ला असो वा चेंगराचेंगरी, शासनाने बळींची नाव, वय आणि गाव असलेली यादी प्रसिद्ध करावी, कुटुंबांच्या संमतीने ती स्मारकावर कोरावी, आणि वाहनचालक, हमाल, वाटसरू यांना तिच्यात तेच स्थान द्यावे.

गोवारी समाजापुरते बोलायचे तर ११४ मृत्यूंनंतर न्यायमूर्ती दाणी आयोग नेमला गेला, पण कोणा एका व्यक्तीवर जबाबदारी निश्चित झाली नाही. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी या ज्या मागणीसाठी लोक आले होते, ती १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मान्य केली आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अनुसूचीतील 'गोंड गोवारी' या नोंदीचा अर्थ काय, हा प्रश्न कायद्याचा आहे आणि त्यावर न्यायालयाचा शब्द प्रमाण आहे. परंतु गर्दीला वाट का ठेवली गेली नाही, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी विधिमंडळ नागपुरात येते आणि त्याच्या दिशेने मोर्चे निघतात. तेव्हा पुढे अडविलेल्या जागी मागच्यांना सूचना कशी मिळणार, स्त्रिया-मुलांना बाहेर पडायला वाट कोठे आहे, हे अधिवेशनापूर्वी जाहीर करा, असे प्रशासनाला विचारणे आपल्या हाती आहे.